ऐकणारा स्नायू

माझ्या सातव्या महिन्यात आई मोर्शीजवळच्या आमच्या गावाहून अकोल्याला आली, ती एसटीतून पाण्याची कॅन घेऊन. महिना मे. अकोल्याचा मे ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळायचा नाही आणि ज्यानं काढला त्याला सांगायची गरज नाही. अशा उन्हात साठी ओलांडलेली बाई एका हातात कपड्यांची थैली आणि दुसऱ्या हातात ती निळी कॅन धरून ऑटोतून उतरली, आणि माझ्या तब्येतीची चौकशी करायच्या आधी कॅन सावलीत कुठं ठेवू ते तिनं विचारलं. आमच्या नळाची कीर्ती मोर्शीपर्यंत गेली असेल असं मला आधी वाटलं. नळ आमच्याकडे त्याच्या मर्जीनं येतो, त्यामुळे मला त्यात राग येण्यासारखं काही नव्हतं. पण कारण नळ नव्हताच.

लेकीला मूल होईस्तोवर तिच्या आईबापांनी तिच्या सासरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज होता. आता तो बहुतेक घरांतून गेलाय. चहा घेतात, पोहे खातात, जावयाच्या घरी चार दिवस राहून कूलरची हवाही खातात. आमच्याही घरातून तो गेला असं मी धरून चालले होते, कारण याआधी एकदा आईनं सासूबाईंच्या हातचा चहा घेतलेला मी या डोळ्यांनी पाहिला होता. आता मधूनच हे काय उपटलं, मला कळेना.

"आई, हे काय नवीन काढलं तू?" मी म्हटलं.

"नवीन कुठं? जुनंच हाये," ती म्हणाली.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या रागावतील, निदान तोंड तरी वाकडं करतील, असं मला वाटलं. त्यांनी कॅन उचलली, ओल्या पोत्यात गुंडाळून मोरीजवळच्या सावलीत ठेवली आणि म्हणाल्या, "राहू द्या इहीनबाई, बरोबर हाये तुमचं." मला दोघींचाही सारखाच राग आला. तसा मला राग लवकर येतो, आणि पोटुशी असताना तर तो यायला कारणही लागत नव्हतं.

आई आली ती मुळात मला न्यायला जमत नव्हतं म्हणून. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि न्यायचं ते सातव्यात, कारण आठव्यात गावाची शीव ओलांडत नाहीत. डॉक्टरांनी मात्र मला घराचा उंबरठा ओलांडायलाही बंदी घातली होती. लेक माहेरी येत नाही म्हणून माहेरच लेकीकडे आलं, आणि येताना रिवाज घेऊन आलं.

डॉक्टरांच्या बंदीचं कारण सांगायचं तर मला माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी अमरावतीच्या एका कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. नवरा अकोल्यात नोकरीला, त्यामुळे लग्नापासून मी रोज रेल्वेनं अकोला-अमरावती अपडाउन करत आले. माझं संशोधन गर्भाशयाच्या स्नायूवर. नातेवाइकांत कोणी विचारलंच तर नवरा माझ्या आधी उत्तर देतो, "उंदरीच्या पिशवीत पीएचडी हाये तिची." गर्भाशयाला आमच्याकडे पिशवीच म्हणतात, त्यामुळे लोक हसतात आणि विषय संपतो.

पण ते काम मला फार आवडायचं. उंदरीच्या पिशवीची काडीएवढी पट्टी कापायची, अंगाइतक्या उबेच्या खाऱ्या पाण्यात टांगायची आणि त्यात ऑक्सिटोसिनचा थेंब टाकायचा. ऑक्सिटोसिन म्हणजे कळा आणणारं संप्रेरक. उंदरीला नुकतेच दिवस गेलेले असतील तर पट्टी ढिम्म असते. दिवस भरत आलेले असतील तर तोच थेंब, तेवढाच, आणि पट्टी अशी आखडते की पडद्यावरची रेघ सरळ वर चढत जाते. थेंबात काहीच फरक नसतो, फरक स्नायूत झालेला असतो. त्या थेंबाला ओळखून धरून ठेवणारे रेणू, ज्यांना रिसेप्टर म्हणतात, ते स्नायूच्या पेशींवर शेवटी शेवटी भराभर वाढतात. वर्गात मी पोरींना सोपं करून सांगते, की हाक तीच असते गं, कान उशिरा फुटतात.

तोवर हे कान फुटू न देण्याचं काम प्रोजेस्टेरॉन नावाचं दुसरं संप्रेरक करतं. त्याचेही रिसेप्टर त्याच स्नायूत असतात. ते थोपटत राहतं आणि स्नायू निजून राहतो. आत मूल वाढतं, पिशवी ताणून ताणून पातळ होते, आणि तरी ती आखडत नाही, गप्प राहते. मला या गोष्टीचं नवल वाटायचं आणि अजून वाटतं.

हे सगळं मला पाठ होतं. पहिल्या खेपेला पाचवा महिना संपता संपता माझी पिशवी जागी झाली, तेव्हा या पाठांतराचा काडीचाही उपयोग झाला नाही. सकाळी पाठ दुखायला लागली आणि दुपारपर्यंत सगळं होऊन गेलं. मुलगा होता असं नर्सनं सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी.

मग कारणं गोळा व्हायला लागली. आमच्याकडे माणूस गेलं की लोक रडतात आणि मूल गेलं की लोक कारण शोधतात. कोणी म्हणे लग्नात पपई खाल्ली असेल. कोणी म्हणे ग्रहणात सुई हातात धरली असेल. सगळ्यात जास्त मतं रेल्वेला पडली. रोजचे धक्के, दुसरं काय? एका मावशीला मी चिडून म्हटलं, की मग रेल्वेत नोकरी करणाऱ्या बायकांना पोरंच झाली नसती.  पण खरं सांगायचं तर माझं स्वतःचं मतही आतून रेल्वेलाच होतं. शास्त्र काय म्हणतं ते मी जाणत होते, आणि तरी डोळे मिटले की मला परतीची गाडी पकडायचे तो बडनेऱ्याचा प्लॅटफॉर्म आणि चढताना दाराच्या दांड्याला लावलेला माझा हात दिसायचा. दोनच माणसांनी कधी कुठलं कारण सांगितलं नाही, एक माझी आई आणि दुसऱ्या सासूबाई. मला तो त्यांचा मोठेपणा वाटला.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी पहिल्याच महिन्यात रजा टाकली. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू केल्या, पिशवीचं तोंड सोनोग्राफीत दर खेपेला मोजायला लागल्या, आणि ते आखूड दिसतंय म्हणून घराबाहेर पडायचं नाही असं बजावलं. पाचवा महिना जवळ आला तशी माझी झोप उडाली. मी हट्ट धरला, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासा. डॉक्टर हसल्या. "मॅडम, तुम्ही उंदीर नाही आहात," त्या म्हणाल्या. "तुमच्याच विषयातलं आहे हे, तुम्हीच मला सांगायला हवं."

त्यांचं बरोबर होतं. उंदरीत प्रसूतीच्या आधी प्रोजेस्टेरॉन रक्तातून उतरतं. बाईत ते उतरत नाही, शेवटपर्यंत भरपूर असतं. मग स्नायू जागा कसा होतो? तो ऐकणं सोडतो. प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरच्या दोन तऱ्हा असतात, एक निरोप ऐकून स्नायूला शांत ठेवते आणि दुसरी तिच्या आड येते. दिवस भरले की दुसरीचं बळ वाढतं. रक्तात कितीही थोपटणं चालू असो, आत ते पोचत नाही. म्हणजे माझ्या रक्ताचा रिपोर्ट कितीही चांगला आला असता तरी त्यावरून मला काहीच कळलं नसतं. आमच्या सोसायटीत शेवटच्या मजल्यापर्यंत पाणी चढत नाही, टाकी भरलेली असली तरी, तसंच थोडंसं. मी हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आले होते, आणि आता मलाच ते कोणीतरी समजावून सांगावं लागत होतं.

पाचवा महिना गेला, सहावा गेला, आणि मे महिन्यात आई आली. कॅनचं पाणी दुसऱ्याच दिवशी संपलं. मी मनात म्हटलं, आता कशी प्यायची नाही बघू. पण मला माझ्या सासूबाई पुरत्या कळल्या नव्हत्या. त्यांनी आईचा हात धरला आणि तिला थेट शेजारी चाचीकडे नेलं.

चाची म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची शेजारीण, घरी शिलाईकाम करणारी. तिचं घर लेकीचं सासर नव्हतं, त्यामुळे तिथलं पाणी चालणार होतं. चाचीनं ऐकून घेतलं, एक प्रश्न विचारला नाही. "अम्मा, मटका भरा हुआ है, जब जी चाहे आओ," म्हणाली. तेव्हापासून माझी आई तांब्या घेऊन दिवसातून दहा खेपा भिंतीपलीकडे जायला लागली. पीठ, डाळ, तिखट, मीठ तिनं गावाहून आणलेलं होतं. ते ती चाचीकडच्या पाण्यात शिजवायची, पण आमच्या शेगडीवर.

"मंग गॅस कसा चालते तुले?" मी विचारलं.

"गॅस काई तुह्या सासरचा नोहे. कंपनीचा हाये."

नवरा यावर इतका हसला की त्याला ठसका लागला. मी हसले नाही. पलंगावर पडून पडून मला कंटाळा आला होता, आणि शिकलीसवरली लेक घरात असताना आईनं उन्हातान्हात शेजारी पाण्याला जावं, हे मला लाजिरवाणं वाटत होतं. मी दोन-तीनदा भांडून पाहिलं. ती भांडत नसे. "होऊ दे लेकरू, मंग तुह्या घरचं भरपूर पेईन," एवढंच म्हणायची.

मग चाची लग्नाला अकोटला गेली, दोन-चार दिवसांसाठी, घराला कुलूप लावून. जाताना तिनं आईची कॅन भरून दिली होती. ती एका रात्री संपली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझं पोट कडक झालं.

आधी मी दुर्लक्ष केलं. असं मधून मधून होतंच, स्नायू झोपेतही कूस बदलतो. पण ते सैल झालं आणि पुन्हा कडक झालं. पुन्हा सैल, पुन्हा कडक. तिसऱ्या वेळी मी आईकडे पाहिलं आणि तिला न सांगताच कळलं. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला फोन लावला. ऑटोत बसताना मला कोणी बोलू देत नव्हतं. आई माझ्या पोटावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होती, तिच्या हाताला कडकपणा जाणवला की तेवढ्यापुरती थांबत होती.

दवाखान्यात पोटाला पट्टा बांधला आणि यंत्रातून कागद निघायला लागला. त्यावर रेघ. मी ती रेघ ओळखली. हळूहळू वर चढणारी, टोकाला जरा थबकणारी आणि मग उतरणारी. कितीतरी दुपारी मी अशा रेघा वाचत बसले होते, पेन्सिलीनं त्यांच्या खाली आकडे लिहीत. त्या वेळी पट्टी काचेच्या नळीत असायची आणि मी चहा पीत बाहेर. आता मला कागद वाचता येत होता हेच नकोसं झालं होतं. रेघ चढायला लागली की कळ यायच्या आधीच मला ती दिसायची.

डॉक्टरांनी स्नायू शांत करायचं औषध सुरू केलं, बाळाच्या फुफ्फुसांसाठी एक सुई दिली. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "आता बघू या ऐकतो का." तो म्हणजे स्नायू. नवरा भिंतीला टेकून उभा होता, माझ्या चपला हातात धरून. ऑटोतून उतरताना त्या माझ्या पायातून निघाल्या होत्या, आणि खाली ठेवायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मला त्याची फार दया आली.

ऊन कलायला लागलं तेव्हा रेघा लांब लांब होत गेल्या, मग बसक्या झाल्या. डॉक्टर कागद पाहून गेल्या आणि जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. तेव्हा कुठं माझं आईकडे लक्ष गेलं. ती पलंगाशी स्टुलावर बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, मधून फाटले होते. सकाळपासून पाण्याचा थेंब तिच्या पोटात नव्हता. उशाला नवऱ्यानं आणलेली बाटली भरलेली होती.

"आई, पानी पे."

"पेतो मंग."

"मंग कवा? हा दवाखाना काय माहं सासर हाये?"

"जावयानं आनली ना व ते."

मला संताप आला. दिवसभराची भीती त्या संतापात बाहेर पडली. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण आवाज चढला होता, कारण बाहेरून नर्सनं डोकावून पाहिलं. अडाणी, हट्टी, असं सगळं बोलले असेन. आई ऐकत राहिली. मग पदराच्या टोकानं तोंड पुसून म्हणाली, "त्या खेपी पेली होती ना मी."

मला कळलं नाही.

"तुह्या तिसऱ्या महिन्यात आली होती मी. चहा घेतला. मले समजत होतं का घ्याले नाही पायजे. पन वाटलं आता कोन पायते हे. कपभर चहानं लेकीचं लेकरू गेलं माह्या."

"चहा मी देल्ला होता," सासूबाई म्हणाल्या. त्या पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या. "त्या नाहीच म्हनत होत्या. मीच माह्या हातानं कप देल्ला. घ्या वो इहीनबाई, म्हनलं, जमाना बदलला."

मी दोघींकडे आळीपाळीनं पाहत राहिले. सगळं जग कारणं सांगत होतं तेव्हा या दोघी गप्प होत्या, त्या अशासाठी. दोघींना आपापलं कारण सापडलेलं होतं आणि दोघींनी ते स्वतःशीच ठेवलं होतं. एकमेकींशी तरी बोलल्या होत्या की नाही कोण जाणे. पण सासूबाईंनी ती कॅन ओल्या पोत्यात का गुंडाळली ते मला कळलं. माझा राग कुठच्या कुठं गेला आणि मला रडू आलं. रडलं की पोट आवळतं म्हणून ते आवरायचा प्रयत्न करत होते, पण आवरेना.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. इतकी वर्षं लोकांच्या पोरींना शिकवलं, घरच्यांना कधी सांगितलं नव्हतं. वऱ्हाडीत सांगितलं, कारण प्रमाण भाषेत सांगितलं असतं तर आईला ते पुस्तकातलं वाटलं असतं. म्हटलं, पिशवी म्हणजे मांसच असते, हातापायाच्या मांसासारखं. रक्तात एक औषध देवानंच सोडलेलं असतं, ते तिला थोपटून झोपवते. दिवस भरले का पिशवी त्याचं ऐकत नाही, आन् दुसऱ्या औषधाचं ऐकायले तिले कान फुटते. माह्या पिशवीले ते कान येळेच्या आधी फुटले. आत मांसात झालं जे झालं ते. तिथं चहा पोचत नाही, रिवाज पोचत नाही.

आईनं नीट ऐकलं. ती ऐकताना मान हलवत नाही, त्यामुळे पटतंय की नाही कळत नाही.

"मंग येळेच्या आधी काहून फुटले?" तिनं विचारलं.

"नाही ठाऊक."

"तुले नाही?"

"मले नाही, कोनालेच पुरतं ठाऊक नाही. पिशवी लई तानली तर होते, आतून काही लागन झाली तर होते. कवा कवा काहीच सापडत नाही. माह्या टायमाले काहीच नाही सापडलं."

"पन चहानं नाही?"

"चहानं नाही."

 मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आन् रेल्वेनं?"

माझ्या मनात रेल्वे आहे हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही, नवऱ्यालाही नाही. बडनेऱ्याचा प्लॅटफॉर्म फक्त माझ्या डोक्यात होता.  पण तिला उत्तर हवं होतं आणि ती वाट पाहत होती.

"रेल्वेनंही नाही," मी म्हटलं. ते मोठ्यानं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मंग झालं तर," आई म्हणाली.

मी बाटली उचलून तिच्यापुढं धरली. "आई, या पोटात जे हाये ते तुहं कोन लागते? नातवंड झाल्यावर पेईन म्हनतं. मंग हे काय हाये?" तिनं बाटली घेतली, झाकण काढलं आणि डोळे मिटून पाणी प्यायली, कडू काढा घ्यावा तशी. तिची भीती गेली नव्हती, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझ्या रिसेप्टरवर तिचा पुरता विश्वासही बसला नसावा. तरी ती प्यायली, आणि अर्धी बाटली सासूबाईंकडे दिली. त्याही प्यायल्या. त्यांनाही सकाळपासून तहान लागलेली होती, आणि त्या न पिता का बसल्या होत्या हे मी विचारलं नाही.

पुढं सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही, पण पिशवीनं ऐकलं.  चाची अकोटहून परतली तेव्हा आईनं तिला आमच्याकडे बोलावून आमच्या माठातलं पाणी दिलं. आता भिंतीपलीकडच्या खेपा संपल्या, हे चाचीला त्यावरूनच समजलं असावं. आठवा महिना सरला, आणि नववा लागल्यावर डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. म्हणाल्या, आता कधीही आलं तरी चालेल. मी बॅग भरून बसले. आणि काहीच होईना.

दिवस भरले, उलटले. इतके महिने जिला जागी होऊ नको म्हणून विनवलं, ती आता उठवली तरी उठेना. फोनवर फोन यायला लागले, अजून नाही का, अजून नाही का. आई संध्याकाळी मला गच्चीवर फेऱ्या मारायला लावायची आणि म्हणायची, "तुह्यावर गेली पिशवी. सांगितलं का उलटं करते." शेवटी डॉक्टरांनी दाखल करून घेतलं आणि ऑक्सिटोसिनची बाटली लावली. मी त्या नळीतून पडणारे थेंब पाहत होते. किती ओळखीचा होता तो थेंब. बराच वेळ माझा स्नायू ढिम्म राहिला, आणि मला मनापासून भीती वाटली की कान फुटलेच नाहीत. मग कळ आली. मी आजवर एवढ्या आनंदानं ओरडले नसेन.

मुलगी झाली. सासूबाईंनी पेढे वाटले, नवऱ्यानं पोरीला हातात घेतलं आणि कोणाकडे द्यायलाच तयार होईना. पहिले दोन दिवस तिला चीक मिळाला, बोटाच्या टोकावर मावेल एवढा. ती चोखायची, चिडायची, झोपून जायची. मी आनंदात होते, पण आनंदात पुरती उतरत नव्हते. कसली तरी वाट पाहत होते आणि कसली ते मला माहीत होतं.

पहिल्या खेपेला दवाखान्यातून माहेरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी माझा ब्लाउज ओला झाला होता. का झाला ते मला समजत होतं. वार पडली की प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं, आणि इतके दिवस त्यानं अडवून धरलेलं दूध मोकळं होतं. फळ्यावर मी त्याचा बाणसुद्धा काढते. मूल आहे की नाही हे शरीराला कळत नाही, त्याला फक्त प्रोजेस्टेरॉन उतरलेलं कळतं. मी आईला हाक मारून सांगितलं होतं, "आई, दूध आलं."  तिनं एक जुनं सुती लुगडं दातानं फाडलं, माझी छाती करकचून बांधली आणि पाठीमागे गाठ मारली.  त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

आता दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सकाळी मला तसंच जड वाटलं, आणि गाऊन पुढून ओला झाला. आई खिडकीशी पोरीचे लंगोट घडी करत होती. सासूबाई पोरीला मांडीवर घेऊन हलवत होत्या, ती भुकेनं किंचाळत होती.

"आई," मी म्हटलं, "दूध आलं."

ती वळली. तिचा चेहरा त्या दिवसासारखाच झाला, तसाच राखेसारखा, आणि हातातला लंगोट तिनं दोन्ही टोकांनी ताणून धरला. ती तशी कितीतरी वेळ उभी होती असं मला वाटलं. पोरगी किंचाळतच होती. मग आईनं लंगोट खाली टाकला, सासूबाईंच्या मांडीवरून पोरीला उचललं आणि माझ्या कुशीत दिलं.

"मंग पाहून काहून राहिली माय?" ती म्हणाली. "पाज ना तिले. तिचंच हाये ते."